तिगावकरीण पंचफुलाबाईंनी बाहत्तर तास डोईस पाणी लागो दिले नाही, त्याची हकिकत

श्री जामसांवलीकर मारुतीराय साह्य असोत आणि वाचणारांचे कान व केस दोन्ही कुशल असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मास, थंडीचे दिवस. या प्रांती लढाया बहुत जाहल्या आणि त्या लिहिणारेही बहुत निपजले. परंतु मौजे तिगाव येथील पंचफुलाबाईंनी आपल्या कुरळ केसांचा किल्ला तीन दिवस लढविला, तो कोणी लिहिला नाही, म्हणोन आम्ही लिहितो. पदरचे काही घातले नाही. जे घातले ते शोभेपुरते.

पंचफुलाबाई म्हणजे तिगावचे संत्राबागाईतदार राजश्री भैय्याजी यांचे कुटुंब. उमर पन्नाशीची, केस दाट, लांब आणि खराट्याच्या काडीसारखे सरळ. सौंसरच्या शाळेत दहावीस असता चंचल नामे मैत्रिणीचे केस उपजत कुरळे होते, आणि मास्तरांपासून शिपायापर्यंत सारा दरबार त्या केसांची तारीफ करी, आणि आमच्या बाईंच्या वेणीकडे कोणी ढुंकून पाहीना. ती सल पस्तीस वर्षे उरी राहिली. मग त्याच दहावीच्या मंडळीने येत्या रविवारी सौंसरास स्नेहमिलन ठरविले आणि मोबाइलवर खलिता आला, तेव्हा बाईंनी मनाशी पक्के केले की या खेपेस सरळ डोक्याने जाणे नाही.

कसबे पांढुर्णा येथे तृप्तीबाई यांचे ब्युटी पार्लर. भुवया, मेंदी, नवरीचा शृंगार यांत हात सराईत. आणि केस कुरळे करण्याची विद्या नागपुराहून नुकतीच शिकून आल्या होत्या, परंतु कसब्यात अद्याप एकही डोके हाती लागले नव्हते. सहा बायका येऊन पुसून गेल्या आणि सहाही जणींचा जबाब एकच, की आधी पंचफुलाचे पाहू. सबब हे डोके बिघडते तर विद्या पेटीत बंद आणि गिऱ्हाईक नागपुरास, हे तृप्तीबाई पुरते जाणून होत्या.

गुरुवारी दोन प्रहरी मोहिमेस आरंभ जाहला. केसांच्या बटा करोन रोलावर गुंडाळिल्या आणि औषध लाविले, आणि त्याचा वास ऐसा की शेजारचा किराणेवाला दुकान सोडून बाहेर आला, आणि मग धुणे, मग दुसरे औषध, मग पुन्हा धुणे, ऐसे होता होता चार वाजता काम तमाम जाहले. बाईंनी आरशात पाहिले आणि नुसत्या हसत राहिल्या.

तेव्हा तृप्तीबाईंनी फर्मान काढिले ते येणेप्रमाणे. रविवारचे चार वाजेतो, म्हणजे पुरे बाहत्तर तास, डोईस पाणी वर्ज्य. अंघोळ करणे ती मानेखाली. बारीक दातांची फणी घरातून हद्दपार करावी, आणि रुंद दातांचा कंगवाही मुदत सरल्यावर. रबर, क्लिपा, घट्ट अंबाडा यांची कैद केसांस नसावी. निजताना उशीस साटिनचा अभ्रा घालावा, कारण सुती कापड कुरळ ओढते. मुदतीनंतर न्हाणे ते कोमट पाण्याने, सौम्य शाम्पूने, वरून कंडिशनर लावून. आणि पंच्याने खसाखसा पुसणे बिलकूल मना, जुन्या टी-शर्टात केस मुठीने दाबून सुकवावे. तेल कधी लावावे ते आम्हांस पुसून. इतके सांगून तृप्तीबाई हळूच बोलल्या ते शब्द जसेच्या तसे: "काकू, एक तांब्या पानी जरी पडलं, तं सारं वाहून जाईन. तुमचंबी अन् महंबी."

बाई घरी आल्या. साटिन घरात नव्हते, तेव्हा भैय्याजींच्या लग्नातील शेरवानीचे अस्तर उसवोन अभ्रा केला. राजश्रींस विचारले नाही. भैय्याजींच्या मातुःश्री कलाबाई, उमर ऐंशी, घरातील धर्मशास्त्राचा सारा कारभार त्यांजकडे, त्यांनी सुनेचे डोके पाहिले आणि इतकेच म्हटले, "डोकसं हाय का सुगरनीचा खोपा?" पंचफुलाबाईंनी अभ्रा उशीस चढविला. त्या अभ्र्यावर डोके टेकून निजल्या.

आणि शुक्रवारी सकाळी संकट आले. रामाकोन्याहून भैय्याजींस फोन आला की भगवंतराव कैलासवासी जाहले. हे भगवंतराव म्हणजे कलाबाईंच्या मावसबहिणीचे यजमान, उमर एक्याण्णव. दहा दिवस पाळण्याजोगे नाते नव्हे, नुसते अंघोळीचे सुतक. परंतु अंघोळ म्हणजे डोक्यावरून, आणि तीही खबर ऐकताक्षणी.

भैय्याजी बागेत उभे होते तेथेच पेचात पडले. एकीकडे कुळाचार, दुसरीकडे कुटुंबाची पस्तीस वर्षांची हौस, आणि मध्ये एक तांब्या पाणी. त्यांनी लपून तृप्तीबाईंस फोन करोन पुसले की नियमापुरते चार थेंब शिंपडले तर कसे. तिकडून जबाब आला की काका, चार म्हणजे चारशे. मग राजश्री घरी संत्र्याच्या व्यापाऱ्यास भेटतो ऐसी थाप मारून रामाकोन्यास गेले, मातीस हजर राहिले, आणि मावळतीस परतले ते डोक्यास गमछा करकचून बांधोन. परंतु पाणी कानामागून ओघळत होते आणि कलाबाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. त्यांनी लेकास गोठ्याकडे नेऊन विचारले, "कोन गेलं रे?"

लेकाने सांगितले. कलाबाईंच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्यांनी पदराने ते पुसले, आणि मग ओसरीवर सून बसली होती तिजकडे बहुत वेळ पाहिले. भैय्याजींस वाटले, आता हाक मारणार आणि सारे संपणार. तो कलाबाईंनी निवाडा दिला तो ऐसा की, सुतक कानातून शिरते. ज्याच्या कानी खबर पडली त्याने न्हावे, ज्याच्या कानी नाही पडली तो मोकळा. रविवारचे चार वाजेतो पंचफुलेच्या कानी खबर पडो देऊ नये. फोनात वाचले तर ऐकले धरावे की न धरावे हे शास्त्रात लिहिले नाही, म्हणोन मोबाइल जप्त करावा. ऐसा हुकूम करोन ऐंशी वर्षांची ती बाई भर थंडीत डोक्यावरून न्हाली.

बंदोबस्त कडेकोट जाहला. भैय्याजींनी कुटुंबाचा मोबाइल बिघडला म्हणोन कपाटात कोंडला, आणि आत नातलगांच्या ग्रुपवर हात जोडल्याची एकशे बारा चित्रे येऊन पडली. शेजारचे वसंतराव भाऊबंदच, त्यांस तंबी दिली की तोंड उघडल्यास यंदा पाण्याचा पंप देणार नाही. परंतु डोक्यांस कोण तंबी देणार? शनिवारी सकाळी अंगणात उन्हास भैय्याजी बसलेले, त्यांचे केस फोनावर सांत्वन ऐकोन पुन्हा न्हाल्यामुळे ओले. कलाबाईंचे रात्रीपासून सुकले नव्हते. भिंतीपलीकडे वसंतरावांचे पाच माणसांचे घर, तंबीसवे खबर कळली म्हणोन सकाळीच न्हालेले, पाचही डोकी ओली. पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या, सात डोक्यांकडे क्रमाने पाहिले, आणि म्हणाल्या, "आज साऱ्याईलेच ऊन गोड लागून राहिलं वाटते." आणि कप ठेवून आत गेल्या. भैय्याजींनी मातुःश्रींस खूण केली की ताकास तूर लागली नाही. शहाणे म्हणविणारे पुरुष असेच.

रविवारी स्वारी निघाली. हेल्मेटाने कुरळ दबतील म्हणोन मोटारसायकल त्यागिली आणि भैय्याजींसह बसने सौंसर गाठिले, आणि खिडकी सारा मार्ग बंद. सभागृहात पाऊल पडताच जुनी मंडळी थक्क जाहली. कोणी बाईंस ओळखले नाही, आणि ओळखल्यावर भोवती घेर घातला. आणि दैवगती पाहा, ज्या चंचलबाईंच्या केसांपायी हे सारे, त्या पार्लरात जाऊन केस सपाट सरळ करोन आल्या होत्या.

परंतु चंचलबाईंचे सासर रामाकोन्यास, भगवंतरावांच्या दारासमोर. त्यांनी मैत्रिणीस पाहिले, चेहरा पाडला, हात हाती घेतले आणि आरंभ केला की, "पंचे, तुमच्याकडचे ते..." घड्याळात साडेअकरा. भैय्याजी दुरून धावले, तो खुर्चीस अडखळले. आणि पंचफुलाबाईंनी ताटलीतील अख्खा गुलाबजाम उचलोन चंचलबाईंच्या तोंडात घातला.

"चाव हळू," बाई म्हणाल्या. "अन् चार वाजेलोक काही सांगू नको. दोन दिसापासून घरात साऱ्याईचे डोकसे ओले दिसून राहिले, मी का आंधळी आहो? कोनीतरी गेलं. कोन, ते चारले सांगजो."

भैय्याजी खुर्ची धरून होते तेथेच उभे राहिले. बाईंनी त्यांजकडे पाहिले देखील नाही. मग फोटो निघाले, भाषणे जाहली, जेवणे उठली, आणि बाई हसत होत्या, आणि कुरळ कसे राखावे ते विचारणारणींस सारे फर्मान तोंडपाठ सांगत होत्या, आणि नजर घड्याळावर होती. चार वाजले. बाई चंचलबाईंस घेऊन सभागृहामागच्या ओट्यावर बसल्या. "आता सांग."

"भगवंतराव."

हे भगवंतराव कोण, ते आता सांगणे प्राप्त आहे. पंचफुलाबाईंच्या लग्नात नवरीने दुसरी पुरणपोळी मागू नये ऐसा दंडक होता, आणि बाई दिवसभराच्या उपाशी होत्या. तेव्हा पंगतीत वाढणारे भगवंतराव मागितल्यावाचून दुसरी पोळी पानात टाकून, वर तुपाची धार धरून, काही न बोलता पुढे गेले. सासरी बाईंवर जाहलेली ती पहिली माया. बाई रडू लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "दोन दिवस मनात एकेकाले मारून पाह्यलं म्या, चंचल. त्याईचं नावच नाही आलं मनात."

सायंकाळी तिगावी तृप्तीबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. पाणी कोमट केले, तांब्या कलाबाईंनी आपल्या हाती घेतला, आणि सुनेच्या डोईवर हळू हळू सोडिला, आणि बाई पुन्हा पोटभर रडल्या. कंडिशनर लावून धुतले, भैय्याजींच्या टी-शर्टात केस दाबले आणि सोडले, तो एकेक कुरळ उसळी मारून जागेवर आले. तृप्तीबाईंनी भिंतीस पाठ लावून दीर्घ श्वास टाकला. सोमवारी सहाही बायकांनी येऊन डोके पाहिले आणि पार्लरात नावे लाविली.

तेरवीस पंचफुलाबाई रामाकोन्यास गेल्या. भगवंतरावांच्या म्हाताऱ्या पत्नीस आधी ओळख पटेना, मग पटली, मग त्यांनी कुरळ हातांनी चाचपून पाहिले. इति मोहीम. केस शाबूत, सुतक फिटले, आणि पंगतीत बाईंच्या पानात दुसरी पोळी मागितल्यावाचून आली, ती बाईंनी खाल्ली, हे नमूद केले असे.