हालचाल : पान पहिले

शिस्त म्हणजे मुळात जागेची टंचाई, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे.

आमच्या संस्थेत एक संशोधक बाई तीन वर्षे सच्छिद्र काचेत धातूचे अतिसूक्ष्म कण कोंडून त्यांतल्या अणूंची हालचाल मोजत होत्या. अहवालाच्या पहिल्या पानावर होते : 'छिद्रात कोंडलेला कण जागा सोडत नाही.' संचालकसाहेबांनी पहिले पान वाचले. (दुसऱ्या पानाच्या भानगडीत साहेब पडत नाहीत, ते हाताखालच्यांसाठी असते.)

त्याच टेबलावर कर्मचाऱ्यांची हालचाल नोंदवही होती. महिन्याभरात जागेवरून उठणे चारशे बारा वेळा. पैकी चहासाठी तीनशे नव्वद, कामासाठी सात, उरलेले 'आलोच' या सदरात.

साहेबांना हालचाल ती हालचालच. आठवड्यात प्रत्येक टेबलाभोवती भोके पाडलेल्या प्लायवूडचा खोका उभा राहिला. (हेडक्लार्क मावेनात. त्यांना 'स्थूल पदार्थ' म्हणून सूट मिळाली.) नोंदवही कोरी झाली. साहेबांचा आनंद मात्र कुठल्याच खोक्यात मावेना.

इकडे बाईंचे यंत्र थरथरू लागले. ते इतके नाजूक, की कुणी शिंकले तरी आकडा बदलतो. एकच मापन उरले होते. ते हुकले तर तीन वर्षे पाण्यात. बाई माग काढत खोक्यांपाशी आल्या. अठ्ठावीस खोके, हलणारे पाय त्रेपन्न. (तिघांच्या एकेका पायाला मुंग्या आल्या होत्या.)

बाई धावत साहेबांकडे गेल्या. "सर, दुसरं पान वाचा हो! कण जागा सोडत नाही, पण आतले अणू जागच्या जागी जास्तच थरथरतात. त्यांचे पाय थांबवा, माझी तीन वर्षं चाललीत!"

"जागा सोडली का कुणी?"

"नाही, पण..."

"मग हालचाल कुठाय? उठून आलात त्या तुम्हीच."

साहेबांनी नोंदवही उघडली. महिन्यातली एकमेव नोंद. कारण : 'दुसरे पान'.

बाई आता एकोणतिसाव्या खोक्यात असतात. मला त्यांचे फार वाईट वाटते; मी सातव्यात बसतो, त्रेपन्नांतले दोन पाय माझेच. कुणीही मिनिटभर पाय हलवला नाही तर मापन होईल, असे त्या भोकाला तोंड लावून सांगतात. काल आम्ही सगळ्यांनी आपापले गुडघे घट्ट धरून ठेवले. तरी आकडा हलतोच आहे. म्हणजे संस्थेबाहेरचे कुणीतरी आहे.

वाचक महाराज, जरा खाली बघता का? डावा की उजवा, ते तुमचे तुम्ही ठरवा, पण थांबवा.