पत्र्याच्या शेडमधली समीक्षा

पडदा पडला की बाकीचे नट आरशाकडे धावतात, मल्लिनाथ आप्पा गाड्यांकडे. तोंडाला रंग तसाच, दाढी निम्मी सुटलेली, धोतरावर कुणाचा तरी रेनकोट. आमच्या लातूरच्या नाट्यगृहामागं एक पत्र्याचं शेड आहे. प्रेक्षक तिथं गाड्या लावतात. आप्पा तिथल्या खांबामागं उभे राहून कान टवकारतात. "मानूस तोंडावर खोटं बोलतो," ते म्हणतात, "पन गाडीची किल्ली शोधताना बोललेलं कधी खोटं नसतंय."

आप्पांचं गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि तालमीच्या दिवसांत तोंड हंड्यात. पाठ झालेलं वाक्य रिकाम्या हंड्यात म्हणून बघायचं, घुमलं तर पास. गिऱ्हाईक कुकरची शिट्टी मागायला येतं आणि हंड्यातून "गद्दारांनो!" अशी गर्जना ऐकून मागं सरतं. एका जागी बसणं या माणसाला ठाऊक नाही. नांदेडला प्रयोग असला की अलीकडचं विष्णुपुरी आल्यापासूनच आप्पा गाडीत उभे. "जिवाला थारा न्हाई बघ, दिलीप," एवढंच मला सांगायचे आणि पुन्हा दारापर्यंत फेरी.

भूमिका म्हणाल तर त्यांनी सगळ्या केल्या. प्रधान, फौजदार, दारुडा, एका नाटकात तर नुसतं प्रेत. त्या प्रेताचीही एक तालीम त्यांनी चुकवली नाही. पेपरातल्या परीक्षणात मात्र नायकाचं काम 'समर्थ', नायिकेचं 'ताकदीचं', आणि अगदी शेवटच्या ओळीत आप्पा: 'यांनी योग्य साथ दिली.' पेपर हातात घेऊन ते दुकानभर येरझाऱ्या घालायचे. "प्रधान झालो तवा साथ. दारू पिऊन पडलो तवा बी साथ. मेलो तरी साथच! आरं, मेलेला मानूस कुनाला साथ देतो?"

एकदा त्यांनी खाष्ट सासऱ्याचं काम केलं. नाटक बघून आलेली शेजारच्या गल्लीतली म्हातारी दुकानाची पायरीच चढेना. "सुनेला छळनाऱ्याचं पातेलं न्हाई घेनार मी!" आप्पांनी तिला हाताला धरून वर आणलं, चहा पाजला. दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी परत घोर. "म्हातारी ओळखीची रे. शेडमधल्या अनोळखी मानसानं म्हनलं पायजे."

आता शेडमधली माणसं नाटकाबद्दल कशाला बोलतात? पंखा बंद होता, खुर्ची टोचत होती, जेवण हॉटेलात की घरी. आप्पा तरीही मन लावून ऐकायचे. मला त्यांचा राग यायचा, कीवही यायची.

माझं पहिलं काम पोस्टमनचं. वाक्य एकच, तेही अडखळलं. नाटकाला रामराम ठोकायचा, असं ठरवून मी शेडमध्ये गाडी काढत होतो. खांबापलीकडं दोघं बोलत होते. एकाचा उदगीरकडचा खरखरीत आवाज, "पोस्टमन कोन होता रे? लई सहज काम केलं." दुसरा शाळामास्तराच्या थाटात, "अडखळण्याचा अभिनय तर फारच नैसर्गिक!" त्या दोन वाक्यांवर मी आजवर नाटकात टिकलो.

मागच्या नाटकात रेश्मा ही नवी मुलगी होती. भर प्रसंगात ती चुकीच्या बाजूनं आत गेली, लोक हसले, ती रडतच शेडकडं निघाली. विंगेत राहिलेली तिची ओढणी घेऊन मी मागोमाग गेलो. खांबामागून तोच उदगीरचा माणूस, तोच मास्तर, तिचं कौतुक चाललेलं. मी वाकून बघितलं. तिथं दोघं नव्हतेच. एकटे आप्पा मान एकदा इकडं, एकदा तिकडं वळवून दोन्ही आवाज काढत होते. स्कूटीवर बसलेली रेश्मा डोळे पुसत हसत होती. मला भरून आलं. आप्पांचं सगळ्यांत चांगलं काम हेच होतं, आणि त्याचं परीक्षण कुठंच छापून आलं नव्हतं.

यंदा आप्पांनी जाहीर केलं, "हे शेवटचं. शेडमधी येकानं बी माझ्या कामाचं नाव काढलं न्हाई, तर तोंडाला रंग लावनं बंद."

काम होतं मुलाच्या फोनची वाट बघणाऱ्या बापाचं. आप्पांनी ते फार सुंदर केलं. पडदा पडताच मी शेडच्या भिंतीआड जाऊन थांबलो. लोक आले, पार्किंगवाल्याशी भांडले, गेले. बापाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेड रिकामं होत चाललं आणि आप्पा या पायावरून त्या पायावर होत राहिले. मला ते बघवेना. जमेल तेवढा जाड आवाज काढून मी म्हणालो, "त्यो म्हातारा कोन होता रे? रडवलं की त्यानं." मग बारीक आवाजात, "घरी जाऊन बापापाशी बसावं वाटायलंय." हे दुसरं मी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं.

आप्पांचे पाय थांबले. रेनकोटच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले, रंग गालभर फासला गेला. मग भिंतीकडं न बघता म्हणाले, "दिलीप, जाड आवाज गळ्यातून काढायलास. पोटातून काढ. उद्या दुकानात ये, पुढच्या नाटकापतोर हंड्यात शिकवतो."

नाट्यगृहाच्या दाराकडं वळता वळता ते थांबले.

"आन् त्यो दुसरा मानूस हाय ना, बारीक आवाजाचा... त्याला म्हनावं, अजून येकदा म्हन."