बाजेच्या उंचीवरून

मन्मथअप्पांच्या कंपुटरवर आपलं घर बघायचं असेल, तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. परळीत त्या वेळी कंपुटर मोजून दोन-चार, आणि औष्णिक केंद्राची राख तर देवाच्या पिंडीवरसुद्धा बसायची. मला वाटलं, धुळीच्या भीतीनं सांगत असतील. कसलं काय! एकदा सँडल घालून शिरलो तर माणूस खवळला. "अन्ना, घरात चाललो ना आपन? मंग?" घर कुठं होतं? घर त्या काचेच्या डब्यात होतं.

अप्पांनी सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढले. बाजार खुला झाला तसं कुणी रंगीत टीव्ही आणला, कुणी फॉरेनचा साबण. अप्पांनी फंड मोडून कंपुटर आणला. बरं, आणला तर गुमान नकाशे काढावेत! पण नाही. ते पडद्यावर अख्खं घर उभं करत. भिंती, तुळया, नळ, टाकी, सगळं. एकेक खोली उमटेपर्यंत आपला चहा गार व्हायचा. तेवढ्यात वीज जायची. साऱ्या महाराष्ट्राला वीज आमच्या गावातून जाते, म्हणून आम्हाला उरत नाही. अप्पा शांतपणे पुन्हा पायापासून सुरू करत. "आदी पडद्यावर पाडून बघा, मंग जिमिनीवर बांधा," हे त्यांचं ब्रीद.

युसूफ वडगाव या खेड्यातला एक पाव्हणा पडद्यावरच्या दारातून आत जाताना खुर्चीतल्या खुर्चीत वाकला. आम्ही हसून हसून बेजार. अप्पांनी मात्र लगेच दार चार इंच वाढवलं. "पाव्हना वाकला म्हंजे दार बुटकं हाय. हसायला काय झालं बे?"

त्यांचा आवडता शब्द 'टक्कर'. नळ तुळईला आडवा आला की टक्कर. पायरी न्हाणीच्या दारात आली की टक्कर. ही खोड पुढं घराबाहेरही पसरली. एका लग्नात मांडवाकडं बघून म्हणाले, "वाढपी हिकडून येनार, वऱ्हाड तिकडून. टक्कर हाय." आणि खरंच हो, आमटीचं भगुणं नवरदेवाच्या मामावर! तेव्हापासून लग्नाच्या पत्रिका त्यांना जरा उशिराच पोचू लागल्या.

माझं दुकान सिमेंट-पाइपाचं. लोक चुकतात, फोडतात, परत पाइप नेतात, त्यावर आमची चूल पेटते. असल्या माणसाशी दोस्ती म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. तरी नव्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी त्यांच्याकडंच गेलो. त्यांनी घरातल्या प्रत्येकाची उंची विचारली. माझ्या बायकोला तिची उंची विचारणारा परळीतला हा पहिलाच पुरुष. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझी आई न्हाणीत घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून बाजेवरच. तिची खोली अप्पांनी पडद्यावर दाखवली तर नुसती भिंत.

"बिघडला की ओ कंपुटर!"

"बिघडला न्हाई. बाजंवरून असंच दिसतंय. मायचा डोळा जिथं, तिथून दाखवलंय."

"खिडकी हाय की वर!"

"त्यातून उजेड दिसतो, अन्ना. मानूस दिसत न्हाई."

मग त्यांनी खिडकी खाली ओढून जमिनीपासून दीड फुटावर आणली आणि पडद्यावर रस्ता आला. मी म्हणालो, राख येईल, चोर येईल. ते ऐकेनात. म्हटलं, जाऊ द्या, पडद्यावरच तर आहे.

काम सुरू झालं. करीम मिस्त्रीनं अप्पांच्या नकाशाचा कागद बघितला, घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांची बसवतो तिथंच, वरती, खिडकीची चौकट बसवली. मला तेच बरं वाटलं. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी दुकानात निरोप आला, "अप्पा भिंत पाडायलेत!"

धावत गेलो. साठीचा वाळका माणूस हातोडा घेऊन ओल्या विटांवर तुटून पडलेला, आणि करीम त्यांचा दंड धरून उभा.

"अप्पा, याड लागलं का? कावून पाडता?" मी ओरडलो.

हातोडा खाली पडला. अप्पा विटांवरच बसले.

"आमची पारवती तीन साल पडून व्हती. खोलीची खिडकी अशीच वर. बाहेर पावलं वाजली की इचारायची, 'कोन गेलं ओ?' मी आपला नकाशात डोकं घालून. म्हनायचो, 'कुनी का जाईना, तुला काय करायचंय?' चार पावलांवर दार व्हतं, अन्ना. उठून बघितलं असतं तर काय झिजलो असतो का मी? लई वंगाळ वागलो. भिंतीकडं बघत बघत गेली ती."

करीमनं हातोडा उचलला आणि उरलेले थर स्वतः पाडले.

आता खिडकी दीड फुटावर आहे. राख येते. गल्लीतली शेळी तोंड घालून आईच्या ताटातली भाकर ओढते, आणि माझी बायको रोज अप्पांचा उद्धार करते. आई मात्र सगळ्या कॉलनीची बातमीदार झाली आहे. कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं पोरगं परीक्षेला गेलं, सगळं तिला ठाऊक.

अप्पा रोज दिवस कलताना येतात. चहाला बोलावलं तरी आत येत नाहीत. बाहेर खिडकीशी उकिडवे बसतात.

"माय, आज कोन कोन गेलं?"

आई सांगत बसते. दूधवाला गेलता, मास्तरीण गेलती, कोण कुणाची नवी सून. अप्पांना यातलं एकही माणूस ओळखीचं नसतं. पण प्रत्येक नावाला ते मान हलवतात, आणि आई बोलायची थांबली की हळूच विचारतात, "आनखी कोन?"