आधी टेलला

आमच्या गावात पंगत बसली की वाढपी आधी किसननाना कुठे बसलेत ते पाहतो. नाना असतील तर बुंदीची बादली पंगतीच्या शेवटच्या माणसापासून सुरू करावी लागते. एकदा एका नवख्या वाढप्यानं पहिल्याच पत्रावळीवर डाव रिकामा करायला घेतला, तर नानांनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "ए बाबा, हेडवर कावून सांडतो? आधी टेलला दे!" पहिल्या पत्रावळीवर सरपंच होते. ते मुकाट वाट बघत बसले.

नाना पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेतात किती वेळ जाऊ द्यायचं, ते पाटकरी पाहतो. कालव्याच्या सुरुवातीला ज्याचं रान तो हेडवाला, शेवटाला ज्याचं तो टेलवाला. हेडवाला पाणी ओढून घेतो आणि टेलवाल्याकडे ओलसुद्धा पोचत नाही, म्हणून टेलपासून पाणी देत वर यावं असा नियम आहे. बाकीच्यांनी तो कागदावर वाचला. नानांनी जिवाला लावून घेतला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी जगात अजून दोनच प्रकारची माणसं राहतात.

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो, हा माझा गुन्हा. दर रविवारी नाना पेपर घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि नकाशा मागतात.

"सर, ह्यो इराक बगा. टेलला हाय बिचारा. वर तुर्कस्तान गेट धरून बसलंय."

नाईलवरून इजिप्त आणि इथिओपियाचं वाजलं तेव्हा तर त्यांनी दिल्लीतल्या दोन्ही वकिलातींना मराठीतून पोस्टकार्डं टाकली. एकात 'आपण हेडवर आहात याची नोंद घ्यावी', दुसऱ्यात 'आपण टेलला आहात, धीर धरावा'. खाली सही, हुद्दा 'माजी पाटकरी', जिल्हा बीड. उत्तर कुठून येणार? नाना म्हणतात, "भाषांतराला टाईम लागतो सर."

चहाच्या टपरीवर त्यांचं भाषण मी कितीदा ऐकलंय. ब्रह्मपुत्रेवर चीन हेडला आहे, आपण टेलला, तेव्हा आधी आपल्याला पाणी, असं ते म्हणाले की टपरी टाळ्या वाजवते. मग नाना दुसऱ्या दमात सिंधू काढतात. "तिथं आपुन हेडला हाव." टाळ्या थांबतात आणि टपरी एकदम पेटते.

"नाना, तुमी नेमके कुनाचे पाटकरी?"

"पान्याचा," नाना म्हणतात, आणि अर्धा चहा टाकून उठतात.

मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी बोलतच नाही. आमच्याकडे दहा दिवसांनी टँकर येतो. ड्रम भरताना शेजाऱ्याच्या नळीला माझी नळी लागली तरी आमची तोंडं वाकडी होतात. देशांचं काय घेऊन बसायचं! खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आलाय.

एका रविवारी मात्र नानांनी नकाशा मिटला आणि बहिणीचं सांगितलं. कौसाबाई कालव्यातून फुटलेल्या आमच्याच चारीच्या शेवटाला, वस्तीवर राहते. पंधरा वर्षांपूर्वी, नाना नोकरीत असताना, लोक बोलायला लागले, बहिणीसाठीच हा टेल-टेल करतो. नानांना ते झोंबलं. त्या एका आवर्तनाला, म्हणजे पाण्याच्या पाळीला, त्यांनी पाणी हेडपासून सोडलं. ते टेलला पोचलंच नाही. कौसाबाईची उभी ज्वारी वाळून गेली. ती बांधावर येऊन एवढंच म्हणाली, "ज्वारीचं काई न्हाई रं. तू लोकाला भ्यालास."

तेव्हापासून भाऊबीज बंद. नाना तिच्या दारात गेले नाहीत आणि तिनं बोलावलं नाही.

यंदा उन्हाळ्यात पिण्यासाठी आवर्तन सुटणार असं कळलं. वस्तीवरची विहीर कोरडी पडलेली, टँकर जायला धड रस्ता नाही. कौसाबाईनं म्हशी चकलांब्याच्या बाजारात विकायला काढल्यात, असंही कुणी सांगितलं. पाणी सुटलं त्या सकाळी नाना सायकल घेऊन माझ्या दारात हजर.

"चला सर. पान्याच्या तोंडासंगं जायचं."

जुने पाटकरी असंच करायचे. पाण्याचं पुढचं टोक चारीतून जसं सरकेल तसं काठानं चालत जायचं, म्हणजे मधे कुणी वळवत नाही. पाणी फार हळू चालतं. कचरा, बाभळीच्या शेंगा, चपलांचे जोड ढकलत जातं. सायकल हातात धरून नाना बोलत होते, "दोन देशांच्या मदी बी असं चालनारं कुनीतरी पायजे सर." माझ्या टाचेला फोड आला होता. मी हूं म्हणालो.

दोन ठिकाणी वाळूची पोती टाकून पाणी रानात वळवायची तयारी होती. बहात्तर वर्षांच्या माणसानं चारीत उतरून ती ओढून काढली. तिसऱ्या जागी चार गडी फावडं घेऊन उभेच होते. त्यातला एक हसून म्हणाला, "एवढं बहिनीसाठीच ना, नाना?"

मला वाटलं, संपलं. पण नाना धोतर खोचून पाण्यात उतरले.

"हाव. बहिनीसाठी. सरक बाजूला."

तो सरकला. का सरकला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दिवस कलता कलता पाणी वस्तीवर पोचलं. बाया घागरी घेऊन धावल्या. विहिरीत पाणी पडायला लागलं तशी पोरं ओरडली. कौसाबाईनं आमच्याकडे पाहिलं. घरातून तांब्या आणला, सायकलीजवळ बांधावर ठेवला आणि मागं न बघता आत गेली.

नाना सगळा तांब्या प्याले. मी पार थकलो होतो. म्हटलं, "ठेवा इथंच. नेतील त्या."

"असं कसं सर? तांब्या दारात नेऊन द्यावा लागतो."

त्यांनी तो धुतला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. सगळ्या जगाच्या नद्यांचा निवाडा करणारा माणूस चाळीस पावलांवरच्या दाराकडे बघत उभा होता. शेवटी ते निघाले आणि उंबऱ्याशी जाऊन थांबले.

आतून आवाज आला, "चपला भाईर काढ. चिखलानं भरल्यात."