नकटीची पाठवणी

नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला माशीवाल्या सरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दूरच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण संशोधक बाईंचं होतं. चार ओळींचं आणि फार नम्र. नम्र होतं म्हणूनच जास्त लागलं.

फळमाशीची अळी कोशात जाते, तेव्हा ठरावीक वेळी एक जनुक चालू होतं आणि वास ओळखणाऱ्या चेतापेशी घडतात. तीस वर्षांपूर्वी सरांना अशी एक माशी सापडली होती, जिचं जनुक धडधाकट, पण ते चालू करणारं बटणच बिघडलेलं. तिला वास येत नाही, असं सरांनी छापून टाकलं आणि तिचं नाव ठेवलं 'नकटी'. बाईंनी लिहिलं होतं, "आम्ही तेच बटण बिघडवून पाहिलं. आमच्या माश्यांना वास येतो. तुमची मूळ नकटी मिळेल का?"

आयुष्यात शोध एकच लावला, आणि तोही चुकला असेल तर? सरांनी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. नकटीचा उरलासुरला वंश स्वयंपाकघराच्या फळीवर एका बाटलीत नांदत होता. निवृत्त झाल्यापासून सरांनी त्याची परीक्षा घेतली नव्हती. धीरच होत नव्हता.

"अहो, निदान 'जमणार नाही' एवढं तरी कळवा," एका सकाळी बायको म्हणाली. "ती पोरगी टपालाची वाट बघत असेल."

"काय कळवू? माझीच खात्री नाही."

"मग तेच लिहा."

सर बाटली शेजारी घेऊन लिहायला बसले. 'माननीय' लिहावं की 'प्रिय', या विचारात शाईचा थेंब कागदावर पडला. हाताला आला तो कापूस घेऊन त्यांनी तो टिपला. कापूस छान टिपतो, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. तो बाटलीचा बोळा आहे, हे जरा उशिरा आलं.

टेबलावर पिकलेली केळी होती आणि त्यांच्यावर घरच्या माश्या. नकट्या त्यांच्यात मिसळल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. सर भिंग घेऊन केळ्यांभोवती फिरू लागले. तेवढ्यात बायकोने कपात व्हिनेगर ओतून त्यात साबणाचे दोन थेंब टाकले.

"अगं, हे काय करतेस? त्यात माझ्याही आहेत."

"मग नावं घालायची होती त्यांच्यावर. तीस वर्षं सगळे विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात? मी सांगते, माश्या मारतात. आज मी मारते."

सर पाठ फिरवून बसले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, हे त्यांनी तिचं नाव ठेवतानाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

दुपारी बायकोने हाक मारली. "अहो, बघा तरी. बाकीच्या सगळ्या कपात बुडाल्या. या अकरा नुसत्या कडेवरून चालतायत. आत काय आहे, पत्ताच नाही. सर्दी झालीय का यांना?"

सर भिंग घेऊन आले. अकराही जणी दोनदा मोजल्या.

"योगायोग असेल," शेवटी म्हणाले.

बायकोने दुसरा कप भरला. मग तिसरा, त्यात केळंही कुस्करलं. अकराही जणी कपाच्या कडांवरून फेरफटका मारून आल्या.

"अजून शंका?"

"थोडी आहे."

"ती तुमच्यापाशीच राहू दे. पाकिटात नको."

सरांनी खिडकीच्या उजेडाकडे नळी धरली. माश्या आपणहून आत शिरल्या. नर होते, माद्याही होत्या. वंशाची काळजी नव्हती. दुसरा कापूस सापडेना, म्हणून तोच निळा बोळा नळीला लावला.

टपाल कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "आत काय?"

"माश्या. अकरा."

कारकुनाने वर पाहिलं. "जिवंत?"

"हो. मेलेल्या घरी आहेत."

त्याने पुढे काही न विचारता शिक्का मारला. आतल्या पत्रात चारच ओळी होत्या: "नकटी पाठवली आहे. तिला खरोखरच वास येत नाही. प्रयोग माझ्या पत्नीने केला. मी इतकी वर्षं माश्या मारत होतो."