निळ्या मण्याचा करदोडा

बब्रुवानच्या कंबरेला गजकर्ण उठलं, ह्यात नवल काही नव्हतं. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी राबणाऱ्या तामलवाडीत कुणाला ना कुणाला खाज असायचीच. नवल हे, की बब्रुवानला मलमापेक्षा चौकशीची घाई. हे आणलं कुणी?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हे एकाचं दुसऱ्याला लागतं. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे कडक उन्हात वाळवा, खाज थांबली तरी मलम महिनाभर सोडू नका. करदोडाही काढायला सांगितला होता, पण तेवढं बब्रुवाननं ऐकलंच नाही. (बिनकरदोड्याचा गडी म्हणजे काय गडी?)

कडूबाईनं मात्र सगळं ऐकलं आणि नवऱ्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं. ज्याच्याकडनं आलं त्याच्याकडनं परत येईल, म्हणून तो माणूस सापडेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला.

मग काय, बब्रुवान पारावर बसून कोण कुठं खाजवतंय ते टक लावून बघू लागला. त्याच्या बघण्यानंच आठ जण खाजवायला लागले. शेवटी संशय गेला बांधशेजारच्या दादामियाँचाचांवर. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर दोघांचा एकच टॉवेल लटकायचा. पण वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं कसं? त्यानं आधी पावसाचा विषय काढला, मग उकाड्याचा, मग घामाचा. चाचांनी ओळखलं आणि सरळ सदरा वर केला. अंग आरशासारखं लख्ख.

“आता तुझं दाव,” चाचा म्हणाले.

चष्मा लावून ते वाकले. गजकर्ण राहिलं बाजूला, ते करदोड्याकडंच बघत बसले.

“ह्यो निळ्या मण्याचा धागा कुठला रं?”

बब्रुवाननं सांगून टाकलं. सोयाबीन काढताना त्याचा करदोडा तुटला. गोठ्यातल्या खुंटीवर वासराचा हा धागा लटकत होता. चांगला मजबूत, वाया कशाला घालवायचा?

“आरं, वासराला नजर लागू नये म्हणून म्याच दर्ग्यातनं आणला व्हता. त्याच्या मानेवर गोल चट्टे उठले म्हणून जनावराच्या डॉक्टरनं काढाय लावला. आन् तू कंबरंला बांधलास?”

बब्रुवानला लाज वाटायला हवी होती, पण त्याला झाला आनंद. तपास लागला! त्यानं तिथंच विळ्यानं धागा कापला, घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं आणि वळकटी काखेत मारून उंबऱ्याशी उभा राहिला.

कडूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती गोठ्यात गेली, वासरू सोडून आणलं आणि ओसरीवर बांधलं, बरोबर बब्रुवानच्या झोपायच्या जागी.

“त्याची मान आत्ता कुठं बरी झालीया,” ती म्हणाली. “तुमचं परत लागंल त्याला. महिनाभर तुमी तिकडंच.”

बब्रुवान गोठ्याकडं वळला. मागनं हाक आली, तसा तो आशेनं थांबला.

“म्हशीपासनं जरा लांबच झोपा,” कडूबाई म्हणाली.