नवतपातली मासेचोरी

सबंध हिंगणघाटात गुप्तहेर एकच, आणि तो मी, रूपराव. माझी नजर घारीची आहे, नाक त्याहून तिखट आहे, आणि माझ्या विनयाबद्दल तर मी तासभर बोलू शकतो.

१९८३च्या नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, शेजारच्या आनंदाबाई रडवेल्या होऊन आल्या. त्यांच्या बागेतल्या हौदात सोनेरी मासे होते. नागपूरहून स्टीलच्या डब्यात घालून, एसटीत डबा मांडीवर धरून त्यांनी ते आणले होते. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकताना त्या माशांशी जेवढं बोलत, तेवढं नवऱ्याशी वर्षात बोलत नसत.

"भाऊजी, मासे कमी होऊन राह्यले. हे म्हन्तात, सारे गेले की हौद बुजवतो अन् वांगे लावतो."

'हे' म्हणजे अण्णाजी, निवृत्त मास्तर. मी तपासाला बसलो. म्हणजे त्यांच्या कुलरसमोर बसलो. बाहेरच्या उन्हात बुद्धी चालत नाही.

पहिला संशय गल्लीतल्या देवकाबाईच्या मांजरीवर. पोट सुटलेलं, चाल जड, नजर चोरटी. मी पाळत ठेवली. दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या पिशवीत, दुर्बिणीशेजारी, पिल्लं दिली आणि पोटाचा खुलासा झाला.

मग पलीकडच्या घरातले नानाजी. गळ्यात माळ, मासळीचं नाव काढलं तरी आंघोळ करणारा माणूस. एवढा निर्दोष माणूस निर्दोष असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून मी रश्शाच्या गंजात चमचा घातला. निघाली ती तिखटजाळ बेसनाची पाटोडी. पुढचा तपास डोळ्यांतलं पाणी पुसत करावा लागला.

उरला खंड्या पक्षी. त्याच्यासाठी मी डोक्याला जास्वंदीची फांदी बांधून हौदाकाठी बसलो. खंड्या आला नाही. अण्णाजी आले, हौदात बादली बुडवून कुलरसाठी पाणी घेऊन गेले. नळाला मे महिन्यात पाणी असतं कुठे? हातभर अंतरावर असूनही त्यांना मी दिसलो नाही, यावरून माझं वेषांतर किती पक्कं होतं ते कळावं.

दुसऱ्या दिवशी हौदात एकच मासा उरला. अण्णाजींनी फावडं काढलं. आनंदाबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं, म्हणून कुलरसमोर पाय पसरून मी चौथा सिद्धान्त मांडला. "हे हैद्राबादच्या टोळीचं काम आहे. हायवे गावातूनच जाते!"

तेवढ्यात कुलर गरम हवा फेकू लागला. माझी बायको कोकिळा मला जेवायला बोलवायला आली होती.

"पंपात वाळा अडकला असंल," म्हणत तिने कुलरची वाळ्याची ताटी उचलली, आत वाकली आणि हसतच सुटली. "या, हे पाहा तुमची टोळी!"

कुलरच्या तळाशी हरवलेले सगळे मासे मजेत फिरत होते, डासांच्या अळ्या खाऊन गुबगुबीत झालेले.

"अण्णाजी, पानी भरतांनी चष्मा घालता नं?" कोकिळाने विचारलं.

"पानी भरायले चष्मा कायले लागते?" अण्णाजी पुटपुटले.

आनंदाबाईंनी त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "काढा आता एकेक. हातानं!"

मी ऐटीत उठलो. "मी म्हणतच होतो, चोर घरातलाच आहे."

"तुमी कुठं चालले भाऊजी?" आनंदाबाईंनी तोच स्टीलचा डबा माझ्या मांडीवर आदळला. "इतके दिवस माझ्या माशायची हवा खाल्ली. धरा डबा!"

मी मुकाट्याने धरला. सगळ्यात जाडा मासा डब्यातून माझ्याकडे टक लावून बघत राहिला. माझे सगळे सिद्धान्त त्याने आतून ऐकले होते.